अभंगक्रमांक कोणत्या गाथेचा?

संतसाहित्यावरील प्रबंधांत ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ एवढ्यावर संदर्भ आटोपण्याची रूढी आहे. हा निर्देश काटेकोर भासतो. वाचकाला तो कोठेच नेत नाही. ‘गाथा’ नावाची एकच संहिता नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली इंदुप्रकाश प्रत (१८६९-७३) आणि तिच्या आधारे १९५० मध्ये निघालेली, ४६०७ अभंगांची शासकीय प्रत यांची परंपरा एक. वारकऱ्यांच्या नित्य वापरातील जोगमहाराजांच्या सार्थ गाथेचा अनुक्रम वेगळा.

प्रश्न केवळ क्रमांकाचा नाही. पंडितद्वयाने देहू, तळेगाव, पंढरपूर आदी ठिकाणच्या पोथ्यांतील पाठभेद तळटीपांत नोंदविले आहेत. एखाद्या शब्दावर तुकोबांच्या बंडखोरीचा वा शरणागतीचा सिद्धांत उभारणाऱ्या अभ्यासकाने त्या तळटीपेकडे पाहिलेच नसेल, तर त्याचे विवेचन नेमके कोणाच्या शब्दाचे?

याहून गंभीर प्रकार उसन्या अवतरणांचा. चरण घ्यायचा एखाद्या समीक्षकाच्या लेखातून आणि संदर्भ द्यायचा थेट गाथेचा! मग त्या लेखातील मुद्रणदोषालाही मूळ संहितेचे प्रामाण्य लाभते; खिळे जुळविणाऱ्याची चूक तुकोबांची शैली ठरते. ‘अमुक ग्रंथातून उद्धृत’ असे लिहिण्यात अभ्यासकाला कमीपणा वाटतो, कारण मूळ न पाहिल्याची ती कबुली असते. मौखिक परीक्षेतही संदर्भसूचीची लांबी पाहिली जाते; सूचीतील गाथेची प्रत कोणती, हे क्वचितच विचारले जाते.