बांध मोडणारा देव

‘कोजिकी’ हा जपानचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो, साल इ. स. ७१२. त्यात सूर्यदेवी अमातेरासूचा भाऊ सुसानोओ उन्मत्त होतो आणि काय करतो, तर बहिणीच्या भातखाचरांचे बांध मोडतो, पाट बुजवतो. पुढे कातडे सोललेला घोडा तिच्या विणकामघराचे छप्पर फोडून आत टाकतो. देवी गुहेत दडते आणि जगात काळोख होतो.

चेंबरलेन (१८८२) आणि फिलिपाय (१९६८) यांची इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून मी हा भाग वाचते, तेव्हा मराठीची आयती सोय लक्षात येते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी चढणाऱ्या भाषेला हा गुन्हा समजावून द्यावा लागत नाही. आमच्या जबलपूरच्या हवेली भागात पावसाचे पाणी बांध घालून शेतात कोंडायचे आणि ते सोडल्यावर रब्बी पेरायची, ही जुनी रीत. इथे बांध मोडणे म्हणजे वर्ष बुडवणे. देवाच्या अपराधांत हा अपराध येतो, कारण ती कथा सांगणारा समाज भातखाचरांवर उभा होता. ती शेती कोरियाच्या वाटेने हजाराहून अधिक वर्षे आधीच क्यूशू बेटावर रुजली होती.

पण घोड्याचे काय? तिसऱ्या शतकातल्या ‘वेई’ राज्याच्या चिनी इतिवृत्तात त्या बेटांवर गाई-घोडे नाहीत अशी नोंद आहे. राजेरजवाड्यांच्या थडग्यांत घोड्यांचा साज ठळकपणे दिसतो तो पाचव्या शतकात. म्हणजे एकाच प्रसंगात दोन काळांचे थर आहेत. त्याच चिनी नोंदीतली राणी हिमिको मात्र ‘कोजिकी’त नावालाही नाही.

याचे उत्तर प्रस्तावनेत शोधावे. घराण्यांच्या नोंदींत खोटे शिरले म्हणून सम्राट तेम्मूने हिएदा नो आरेकडून वृत्तान्त पाठ करवून घेतले आणि पुढे ओ नो यासुमारोने ते लिहून काढले, असे ती सांगते. स्मरणातून ग्रंथ होणे आपल्याला परके नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी अशाच गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ झाले. पण म्हाइंभट दरबारासाठी लिहीत नव्हते. ‘कोजिकी’ला राजवंशाचा धागा थेट सूर्यदेवीपर्यंत न्यायचा होता. खरे-खोटे निवडण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या सोयीचा भूतकाळ उरतो.

ही चर्चा केवळ अभ्यासिकेतली नव्हे. सोकिची त्सुदा या इतिहासकाराने हे ग्रंथ दरबाराच्या गरजेतून घडले असे दाखवले. १९४० साली त्याच्या पुस्तकांवर बंदी आली, खटला झाला. त्याच वर्षी जपानी सरकार साम्राज्याची २६०० वर्षे साजरी करत होते.

म्हणून भाषांतर करणाऱ्याने ‘कोजिकी’चा सूर सरसकट पोथीचा ठेवू नये. वंशावळीला दरबारी भाषा द्यावी. बांध, पाट, खाचर यांना मात्र शेतकऱ्याचेच शब्द द्यावेत. राजाने लिहवून घेतलेल्या ग्रंथात नांगर धरणारा माणूस जर कुठे उरला असेल, तर तो या शब्दांत.