ईजाब, कबूल आणि गर्भ

इमाम अबू हामिद अल-गझाली (1058–1111) यांच्या ‘इह्या उलूम अल-दीन’ या ग्रंथात विवाहाच्या आचारधर्मावर एक प्रकरण आहे. त्यात संततिनियमनाबद्दल लिहिता लिहिता ते गर्भपाताकडे वळतात. इस्लाम आणि गर्भपात हा विषय निघाला की बहुतेकांना ‘चालतं की नाही’ एवढंच ऐकायचं असतं. या छोट्या उताऱ्याचं मोठेपण हे, की तो एका शब्दात निकाल देत नाही.

वीर्य बाहेर टाकून गर्भधारणा टाळणं गझाली वैध मानतात. त्यावर जुनी हरकत होती: अरब लोक मुलींना जिवंत पुरत, त्याचंच हे गुप्त रूप नव्हे का? गझाली म्हणतात, नव्हे. पुरणं आणि गर्भ पाडणं हे दोन्ही अस्तित्वात आलेल्या जिवावरचे अपराध आहेत. मग ते अस्तित्वाच्या पायऱ्या चढू लागतात. स्त्री आणि पुरुष दोघांचे अंश गर्भाशयात मिसळून जीव धरण्याजोगे झाले की ते बिघडवणं हाही अपराध. रक्ताची गाठ, मांसाचा गोळा झाला की तो अधिक गंभीर. आत्मा फुंकला गेला, आकार पुरा झाला की त्याहून गंभीर. जिवंत जन्मलेल्या बाळाला मारणं ही परिसीमा. अपराधाचं तेच विशेषण पायरीगणिक अधिक कठोर होऊन परत येतं. वाक्यरचनाच गर्भासोबत वाढते, आणि मला हा उतारा सर्वांत भिडतो तो इथे.

पुढचा दृष्टान्त न्यायशास्त्र्याला शोभणारा. स्त्रीपुरुषांचे अंश करारातल्या ईजाब (प्रस्ताव) आणि कबूल (होकार) यांसारखे. प्रस्ताव मांडून, समोरून होकार येण्याआधी तो मागे घेतला तर करार मोडत नाही. होकार आल्यावर मागे फिरलं तर मोडतो. निकाहाच्या प्रकरणात ही उपमा येते, म्हणून ती दुप्पट अर्थाची होते. शिवाय तिच्यात स्त्रीचा वाटा बरोबरीचा आहे. बीज पुरुषाचं आणि स्त्री नुसती जमीन, ही समजूत अनेक समाजांत मुरलेली असताना गझाली स्त्रीचा अंश गर्भाचा आधारस्तंभ मानतात.

त्यानंतर ते गर्भधारणा टाळण्यामागचे हेतू तपासतात. बाळंतपणात पत्नीच्या जिवाला धोका वाटणं, फार मुलांमुळे ओढाताण होईल अशी भीती असणं, हे हेतू त्यांना मान्य आहेत. मुलगी होईल या भीतीने गर्भधारणा टाळणं मात्र ते दूषित ठरवतात. गर्भलिंगनिदानावर 1988 मध्ये कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्राने हे वाक्य सावकाश वाचावं.

पण याच यादीत उताऱ्याची उणीवही आहे. पत्नीचं सौंदर्य टिकावं ही नवऱ्याची इच्छा त्यांना चालते; पत्नीने स्वतः प्रसूतीच्या कळा आणि स्तनपान नको म्हटलं की तो हेतू वाईट ठरतो. दासीच्या मालकाचं हितही ते बिनदिक्कत मोजतात. करारात जिला बरोबरीचा अंश दिला, तिचा स्वतःचा शब्द यादीत पोचत नाही. इतक्या सूक्ष्म लेखकाकडून हे खुपतं.

गझाली इस्लामी न्यायशास्त्राच्या शाफिई पंथाचे. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतांशी त्याच पंथाचे. भारतात इतरत्र हनफी अधिक. त्यांच्यातल्या अनेक जुन्या शास्त्र्यांनी आत्मा फुंकला जाण्याआधी सबळ कारण असेल तर गर्भपाताची मुभा दिली. अंगावर पिणारं मूल असताना नव्या गर्भामुळे दूध आटणं आणि दाई ठेवायला बापाकडे पैसे नसणं, हे त्यांनी नोंदवलेलं एक कारण. गझाली दिवस मोजत नाहीत. पुढची चर्चा मात्र आत्मा फुंकला जाण्यासाठी हदीसमधून (पैगंबरांच्या वचनांतून) काढलेल्या 120 दिवसांभोवती फिरली. फेब्रुवारी 1990 मध्ये मक्केच्या फिक्ह (इस्लामी न्यायशास्त्र) परिषदेने ठरवलं, की 120 दिवसांनंतर आईच्या जिवाला धोका असेल तरच गर्भपात करता येईल. त्याआधी, गर्भात गंभीर आणि असाध्य व्यंग असल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने सांगितलं तर मुभा आहे, आणि ती आईवडील दोघांच्या विनंतीवरून.