नायकी, गायकी आणि जॅझ गायनाची स्पर्धा : आशा पुथली यांच्या दोन गीतांच्या संदर्भात

विद्यापीठीय युवक महोत्सवाच्या संगीत विभागात शास्त्रीय व सुगम गायनाच्या बरोबरीने पाश्चात्त्य एकल गायन हा प्रकारही समाविष्ट असतो. महाविद्यालयीन स्तरावर जॅझ गाऊ इच्छिणाऱ्यास एवढे एकच दार उघडे आहे. जॅझसाठी स्वतंत्र विभाग नाही. पॉप, रॉक आणि जॅझ ही सर्व येथे एकाच मापाने मोजली जातात. बीडजवळील, बिंदुसरा प्रकल्पालगतच्या पालीसारख्या गावातील एखादी विद्यार्थिनी या प्रकारात नाव नोंदवू पाहील, तर भ्रमणध्वनीवर ऐकलेले गाणे त्याबरहुकूम बसवणे हाच तिच्यापुढील सुलभ मार्ग होय. उच्चारांसह हुबेहूब उतरलेले गाणे परीक्षकांना प्रसन्न करण्याची शक्यताही अधिक. परंतु जे प्रसन्न करून गेले ते जॅझ होते काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी परकीय परिभाषेची गरज नाही. गुरुमुखातून मिळालेली चीज जशीच्या तशी मांडणे म्हणजे नायकी आणि तिच्यावर स्वतःच्या प्रज्ञेचा ठसा उमटवणे म्हणजे गायकी, हा भेद हिंदुस्थानी संगीतविचारात रूढ आहे. बालवयातील कुमार गंधर्व ध्वनिमुद्रिकांवरील थोर गायकांची नक्कल करून श्रोत्यांना थक्क करीत. त्यांचे स्वतःचे गाणे मात्र पुढे प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडील तालमीनंतर आणि दीर्घ आजारानंतर घडले. स्पर्धा स्वभावतः नायकीला अनुकूल असते, कारण तुलना करावयास समोर मूळ नमुना लागतो. जॅझ ही मात्र गायकीचीच कला आहे.

अनुकरणाला तुच्छ लेखण्याचे अर्थातच कारण नाही. न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहातील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत १९३४ साली सतरा वर्षांच्या एला फिट्झजेराल्ड उतरल्या त्या नृत्य करण्याच्या इराद्याने. ऐनवेळी त्या गायल्या आणि तेही कॉनी बॉस्वेल यांच्या धर्तीवर. पारितोषिक त्यांनाच मिळाले. त्याच रंगमंचावर १९४२ मध्ये सारा व्हॉन विजयी ठरल्या. दोघींनाही स्पर्धेनंतर वाद्यवृंदांचा सहवास लाभला, एलांना चिक वेब यांचा, सारांना अर्ल हाइन्स यांचा. त्यांची गायकी या वृंदांतील वादकांच्या सान्निध्यात परिपक्व झाली, हे चरित्रांतून नेहमीच पुरेसे अधोरेखित होते असे नाही.

महाराष्ट्रातील याचे सर्वाधिक लक्षणीय उदाहरण म्हणजे आशा पुथली. मुंबईत १९४५ साली जन्मलेल्या पुथली यांनी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे आणि ऑपेराचे शिक्षण घेतले. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी एका स्पर्धेत ‘मालागेन्या’ गाऊन पारितोषिक मिळवले. हे गीत क्यूबन संगीतकार एर्नेस्तो लेकुओना यांचे. रूढ अर्थाने ते जॅझ नव्हेच. महत्त्वाचे ते पुढे घडले. मुंबईतील दुपारच्या नृत्यमेळ्यांत जॅझ वाद्यवृंदासह त्या उत्स्फूर्तपणे गाऊ लागल्या. या शहरात जॅझची जाण असलेल्या वादकांची, विशेषतः गोमंतकीयांची, मोठी फळी होती. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तील (१९५१) गीतांमागे चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हे वेगळे सांगावयास नको. वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या ग्रंथात पुथली यांची दखल घेतली आणि अमेरिकेत गेल्यावर जॉन हॅमंड यांच्यामार्फत त्यांचा ऑर्नेट कोलमन यांच्याशी संबंध आला.

कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेत त्यांची दोनच गीते आहेत : ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’. सुमारे तीन-चार मिनिटांच्या या रचनांत पियानो नाही. सामान्यतः जॅझ गायिकेला पियानोच्या स्वरसंघातांचा आधार असतो, जसा आपल्याकडे तंबोऱ्याचा. तो काढून घेतल्यावर स्वरस्थान स्वतःच धरून ठेवावे लागते. पुथली यांचा आवाज सुषिर वाद्यांच्या लगत, कधी त्यांच्यात मिसळून, कधी किंचित मागे रेंगाळत चालतो. वरची सुरावट अतिविलंबित, जवळजवळ तालमुक्त. खाली चार्ली हेडन यांचा बास आणि ड्रमचा अखंड खळखळाट. विलंबित ख्यालात गायक संथ चालत असताना तबलजीने ठेका भरून काढावा, तसा काहीसा हा अनुभव आहे. फरक इतकाच की येथे समेचे आश्वासन नाही. दीर्घ स्वर सोडताना त्या तो तोडत नाहीत, विरू देतात. या गीतांतील आर्तता शब्दांपेक्षा या विरण्यातून अधिक व्यक्त होते.

पुथली यांच्या भारतीय तालमीमुळेच त्यांना मुक्त जॅझ साधले, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान तपासून घ्यावयास हवे. या गीतांत सरगम नाही, तानबाजी नाही, कोणत्याही रागाची छाया शोधणे ओढूनताणून होईल. शिवाय गायिकेच्या वाट्याला आलेली सुरावट कोलमन यांनीच बांधलेली आहे. तिची मनसोक्त बढत करण्यास तेथे अवकाश नाही. तालमीचा उपयोग झालाच असेल तर तो निराधार अवस्थेत स्वर न ढळू देण्यापुरता. नव्या स्वरावलींची निर्मिती न करताही, दुसऱ्याच्या बंदिशीत श्वास, लगाव आणि विलंब यांद्वारे गायकी सिद्ध होऊ शकते, हे मात्र या दोन गीतांवरून दिसते. डाउनबीट नियतकालिकाच्या समीक्षक-मतदानात त्यांच्या गायनाची दखल घेतली गेली. तुलनेसाठी मूळ नमुना नसलेल्या गायनाची ती दखल होती, म्हणून तेराव्या वर्षीच्या पारितोषिकाहून ती वेगळ्या जातीची ठरते.

युवक महोत्सवातील परीक्षणाकडे या दृष्टीने पाहता एक साधा बदल सुचवता येतो. स्पर्धकाने एकच कडवे दोनदा गावे आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्यासारखे असू नये. शक्य तेथे साथ ध्वनिमुद्रित नसावी. याने परीक्षकांचे काम अवघड होईल आणि निकालावर वादही वाढतील, कारण ‘वेगळे’ आणि ‘चुकलेले’ यांतील सीमारेषा कानानेच ओळखावी लागते. पालीच्या विद्यार्थिनीला ही अट मात्र वाटते तितकी परकी असणार नाही. पखवाज आणि टाळांच्या साथीत अभंगाचा एकच चरण बुवा किती परींनी फिरवतात आणि मृदंगमणी त्यांना कसा प्रतिसाद देतो, हे मराठवाड्यातील गावोगावच्या भजनांतून ऐकावयास मिळते. ती गाण्यासाठी कोणते जॅझ गीत निवडते, हा प्रश्न त्यानंतरचा.