आगरकरांचे ‘प्रेतसंस्कार’ आणि इनामगावची माती

गोपाळ गणेश आगरकरांचा ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ हा निबंध सुशिक्षित घरांतून नावाने पुष्कळांस ठाऊक असतो. तो उघडून पुन्हा वाचणारे मात्र थोडे. आम्हीही बऱ्याच वर्षांनी तो हाती घेतला, तेव्हा आमच्या मेजावर इनामगावच्या उत्खननाचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत पडलेला होता. एकात प्रेतसंस्कारांची चिकित्सा, दुसऱ्यात प्रत्यक्ष प्रेते. दोन्ही एकत्र वाचल्यामुळे आगरकरांविषयीचे आमचे मत काहीसे बदलले. ते येथे मांडावयाचे आहे.

आगरकरांचे दोन पाश्चात्त्य गुरू, मिल्ल आणि स्पेन्सर. व्यक्तीच्या वर्तनात समाजाने कोठवर हात घालावा, हा प्रश्न मिल्लने १८५९ साली आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात घातला; रूढी व देवदेवता मुळात कशा उपजल्या, याची उपपत्ती स्पेन्सरने लावली. आमच्या मते प्रस्तुत निबंधात दुसऱ्या गुरूने पहिल्यावर मात केली आहे. पाहा ना, मथळ्यातच निकाल देऊन टाकला आहे! विधी मूर्खपणाचा ठरला की त्याची वाट लागली, असा या लेखनाचा एकंदर रोख दिसतो. उपहास धारदार आहे, भाषा आजही ताजी आहे. परंतु विधी शहाणपणाचा की खुळेपणाचा, हा प्रश्न स्वातंत्र्यवाद्याचा नव्हे. तो विधी कोणावर पडतो आणि कोणाच्या संमतीने पडतो, हा त्याचा प्रश्न.

आता इनामगावास जाऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डॉ. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांच्या देखरेखीखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथील टेकाडांचे खोदकाम चालले होते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मूल दगावले तर ते दोन मडक्यांत ठेवीत, मडक्यांची तोंडे एकमेकांस भिडवीत, आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढ मनुष्यास उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत. पण त्याची पावले घोट्यापासून तोडून टाकीत. मेलेला भूत होऊन परत चालत येऊ नये, म्हणून असे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

यांतला दुसरा प्रकार वाचून अंगावर काटा येतो. पहिला वाचून मात्र आम्ही थबकलो. ज्या भुईखाली मूल होते, तिच्यावरच त्याची आई दळणकांडण करीत असेल, निजत असेल. हा मूर्खपणा म्हणावा काय? आगरकरांच्या मोजपट्टीने म्हणावाच लागेल. आमच्या तोंडून तो शब्द निघत नाही.

याच वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला होता, आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावचा मुख्य असावा, असे मानतात. रूढीतून सुटलेला हा मनुष्य स्वतंत्र होता असे कोणी म्हणेल, तर ती मोठी चूक होईल. त्याला मिळाली ती सवलत. ती घराच्या पाच खोल्यांमुळे मिळाली. आपल्यातही थोर पुरुषाने सारे विधी वर्ज्य केले तर वर्तमानपत्रे कौतुक करतात. तेच एखाद्या कारकुनाने केले, तर भाऊबंद उंबरा चढत नाहीत.

आगरकरांना हे दिसत नव्हते असे नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी जे लिहिले, त्यात कस लागतो तो याच जागी. केशवपन हाही नवऱ्याच्या मृत्यूला जोडलेलाच संस्कार. फरक एवढाच की, तो जिवंत बाईच्या डोक्यावर होतो, आणि तिला कोणी विचारीत नाही. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी असे वपन करण्याचे नाकारले, ते काही रूढीची उत्पत्ती शोधून नव्हे. तेथे आगरकर उपहासावर थांबत नाहीत, संतापतात. आणि म्हणूनच ते लेखन या निबंधाहून वरच्या पायरीचे आहे.

ही कसोटी आजच्या एका घरगुती प्रसंगास लावून पाहू. वडिलांनी देहदानाचा अर्ज भरून ठेविला, कोणताही विधी करू नये असे लिहून ठेविले, आणि ते गेले. आई म्हणते, अग्नी दिल्यावाचून माझ्या जिवास चैन पडणार नाही. मुलगा मध्ये सापडतो. कागदावर सही वडिलांची. परंतु देह प्रत्यक्ष सोपविणारे हात नातलगांचेच. मेलेल्यास आता काय सुखदुःख, असे म्हणून पुष्कळ जण आईच्या बाजूस झुकतात. आम्हांस ते पटत नाही. आपला शब्द पाळला जाईल या भरवशावर तो मनुष्य अखेरची वर्षे जगला. तो भरवसा त्याच्या आयुष्याचाच भाग होता. देह वैद्यकीय महाविद्यालयात गेला पाहिजे. मात्र ‘कोणताही विधी करू नये’ या वाक्यात वडिलांनी आपली हद्द ओलांडली. आईने तेराव्या दिवशी पान वाढले, नदीवर जाऊन तिळांजली दिली, तर ते तिचे दुःख, तिचा विधी. तो बंद करण्याचा अधिकार नवऱ्यास जिवंतपणीही नव्हता. मेल्यावर कोठून येणार? आणि येथे ‘शहाण्यांचा मूर्खपणा’ वाचून दाखविणाऱ्या मुलाने स्वातंत्र्याची बाजू घेतली, असे आम्ही म्हणणार नाही.

आगरकरांची प्रेतयात्रा पुण्यातील विरोधकांनी ते जिवंत असतानाच काढली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते खरोखर गेले, तेव्हा दहनाच्या खर्चाची रक्कम त्यांनी उशाखाली पुडीत बांधून ठेविलेली सापडली, असे सांगतात.