गंगाधरपंतांना ओळखणारे कोणी नाही

वाफेच्या यंत्रांचे युग सरलेच नसते तर? या एका प्रश्नावर पाश्चात्त्य साहित्यात एक कथाप्रकार उभा राहिला. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली त्याला 'स्टीमपंक' हे नाव दिले. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स हे त्याचे पूर्वसूरी. पुढे ही कल्पना पुस्तकातून बाहेर पडली. जुन्या काळचे पोशाख करून, स्वतः घडविलेली पितळी यंत्रे घेऊन माणसे मेळाव्यांना जमू लागली. एकट्यादुकट्यांना तेथे सोबती मिळाले. कधीच न घडलेल्या भूतकाळात माणसाला आपले घर सापडते काय, असा प्रश्न आम्हांला पडला आणि आम्ही आपल्याच भाषेतील एक कथा पुन्हा वाचावयास घेतली.

२०२५ साली दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही ती कथा. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील 'द अ‍ॅडव्हेंचर' या रूपात ती पुष्कळ घरांत पोहोचली आहे. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव वाचले, मराठे जिंकले, अशा जगात इतिहासाचे हे प्राध्यापक जाऊन पडतात. तिथली 'जिजामाता एक्स्प्रेस' डेक्कन क्वीनपेक्षा वेगाने धावते. वाफ आणि पितळ नसले तरी स्टीमपंकशी या कथेचे नाते जवळचे आहे.

कथेचा उत्तरार्ध शास्त्रीय स्पष्टीकरणाने जड झाला आहे, हा दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु तिचे मर्म आम्हांला विज्ञानात नव्हे, दोन लहान प्रसंगांत दिसले. मुंबईत प्राध्यापक आपल्या मुलाची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचे येथे कोणी नाही, असे उत्तर मिळते. पुढे आझाद मैदानावरील सभेत ते रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसतात, तर श्रोते त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकतात. ज्या विजयाचे स्वप्न आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्या विजयाच्या जगात हा गृहस्थ परकाच ठरतो! गौरव मिळाला, गोतावळा मिळाला नाही. लेखकाला हे अभिप्रेत होते किंवा नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. कथा मात्र ते सांगते.

ज्या जिजाऊंचे नाव त्या गाडीला आहे, त्यांनी शिवरायांना जन्म दिला तो शिवनेरी जुन्नरचा. त्याच तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पोलादी तारांच्या जाळीने विणलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते आणि शाळाशाळांतील मुले आपल्या हातांनी केलेली उपकरणे मांडतात. "हे तू केलेस?" असे कोणी विचारले की मुलाला नाव मिळते, ओळख मिळते. स्टीमपंकच्या मेळाव्यांचे बळही आमच्या मते पोशाखात नसून याच प्रश्नात आहे.

शेजारच्या आंबेगावची गोष्ट याहून बोलकी आहे. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथे परत जाणे नाही. ज्यांचे गाव खरोखर बुडाले, त्यांना काल्पनिक भूतकाळाची हौस परवडत नाही. गावपण टिकवायचे तर ते एकमेकांची विचारपूस करूनच टिकवावे लागते.

वाचकहो, आपल्या घरांतील तरुण मुले अशा नव्या पंथांत रमली, तर त्यांच्या वेषाला हसण्याची घाई आपण करू नये. तेथे त्यांना नावाने हाक मारणारे कोणी आहे काय, एवढे अवश्य विचारावे. आणि त्याआधी, आपल्या घरी त्यांना तशी हाक ऐकू येते काय, हे आपणच आपल्याला विचारावे.