विज्ञानविषयक ओटीटी आशयाचे नियमन : वयाचा निकष आणि तथ्याचा प्रश्न

प्रस्तावना :
विज्ञान व तंत्रज्ञानविषयक मालिका आणि चित्रफिती आज महाविद्यालयीन अध्यापनात पूरक साधन म्हणून वापरल्या जातात. त्यांच्या नियमनाची चर्चा मात्र बहुधा अश्लीलता, हिंसा आणि भावना दुखावणे यांभोवतीच फिरते. दाखविलेले खरोखर घडले काय आणि त्याला आधार कोणता, हा विज्ञानविषयक आशयाचा मूलभूत प्रश्न आहे. विद्यमान चौकट या प्रश्नाला स्पर्श करीत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नियमांची चौकट :
केंद्र शासनाने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थ मार्गदर्शक तत्त्वे व डिजिटल माध्यम आचारसंहिता) नियम अधिसूचित केले. त्यांनुसार ओटीटी आशयाचे यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे पाच वर्ग होतात. विषय व संदेश, हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थ आणि भयप्रदता हे वर्गीकरणाचे निकष होत. कोणत्या वयाने काय पाहावे हे त्यांवरून ठरते. पाहिलेले कितपत विश्वसनीय आहे, हे ठरत नाही.

'रॉकेट बॉइज'चे उदाहरण :
मुंबई उपनगरातील ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. डॉ. होमी भाभा व डॉ. विक्रम साराभाई यांच्या या कालखंडावरील 'रॉकेट बॉइज' ही हिंदी मालिका सोनी लिव्हवर २०२२ मध्ये आणि तिचा दुसरा भाग २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. नव्या पिढीला या इतिहासाकडे वळविण्याचे श्रेय मालिकेला दिलेच पाहिजे. तथापि, भाभांचे प्रतिस्पर्धी म्हणून येणारे रझा मेहदी हे पात्र पूर्णतः कल्पित आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्याशी असलेले त्याचे साम्य अनेक समीक्षकांनी नोंदविले.

साहांचा विरोध हा व्यक्तिगत मत्सराचा विषय नव्हता. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यातील गोपनीयतेवर त्यांनी आक्षेप घेतला होता. १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यानंतर सभागृहातही त्यांनी अणुधोरणाची चिकित्सा केली. विज्ञानसंस्था कोणाला उत्तरदायी असाव्यात, हा त्यामागील प्रश्न होता. पडद्यावर त्याला वैयक्तिक स्पर्धेचा रंग येतो. मेहदीला खरा मानणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला साहा येत नाहीत आणि तो प्रश्नही येत नाही. ही हानी कोणत्याही वयोगटाच्या चिन्हाने टळणारी नाही.

शासकीय सत्यनिर्णयाच्या मर्यादा :
मग सत्यासत्याचा निवाडा शासनाकडे सोपवावा काय? २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र शासनाच्या कारभाराविषयीच्या मजकुरासाठी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. शिवाय प्रतिष्ठित व्यासपीठ हीदेखील सत्याची हमी नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरील निबंध सादर झाला. त्याचा एक आधार असलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडण्यास अक्षम असल्याचा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. तो निष्कर्ष कोणत्याही बंदीतून आलेला नव्हता. आधार तपासण्याच्या शास्त्रीय पद्धतीतून तो हाती आला.

निष्कर्ष :
तपासणी व्हावयाची तर आधार उघड असला पाहिजे. म्हणून नियमनाचा भर प्रतिबंधाऐवजी प्रकटीकरणावर असावा. 'सत्य घटनांवरून प्रेरित' ही मोघम सूचना पुरेशी नाही. कल्पित पात्रे कोणती, कालक्रमात बदल कोठे केला आणि आधारग्रंथ कोणते, याची नोंद वयोवर्गाच्या चिन्हाबरोबरच देणे निर्मात्यांना अवघड नाही. त्यामुळे कलावंताचे स्वातंत्र्य अबाधित राहते आणि शासनाला सत्याचा निवाडा करावा लागत नाही. अशी नोंद रूढ होईपर्यंत हे काम अध्यापकालाच करावे लागेल : मालिकेतील प्रसंग दाखविताना त्यालगत संसदेतील चर्चेचा मूळ वृत्तांत ठेवणे, आणि दोहोंतील अंतर विद्यार्थ्यांनाच शोधू देणे.