आयरिश इंग्रजी : परिचित शब्द आणि अपरिचित अर्थ

पी. डब्ल्यू. जॉइस यांचा ‘इंग्लिश ॲज वी स्पीक इट इन आयर्लंड’ हा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. आयर्लंडमधील दैनंदिन इंग्रजीच्या पद्धतशीर विवेचनाचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय. बोलीविषयक गैरसमजांचे मूळ कोठे शोधावे, या दृष्टीने तो आजही विचारार्ह आहे.

अपरिचित शब्द कानी पडला की श्रोता अर्थ विचारतो. तेथे गैरसमज फार काळ टिकत नाही. परिचित शब्दांची अपरिचित रचना मात्र त्याला सावध करीत नाही. ‘आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर’ असे आयरिश माणूस म्हणतो, तेव्हा त्याचे जेवण नुकतेच आटोपलेले असते. ‘आफ्टर’चा ‘मागे लागणे’ हा अर्थ मनात असलेला परका श्रोता मात्र त्याला जेवणाची इच्छा आहे, असे समजण्याचा संभव असतो. वास्तविक आयरिश भाषेत ‘नंतर’ या अर्थाच्या पदाने जी रचना सिद्ध होते, तिचीच ही इंग्रजीतील छाया आहे. ‘ही डझ बी हिअर’ हा प्रयोगही असाच. ‘तो आता येथे आहे’ आणि ‘तो येथे नेहमी असतो’ हा भेद आयरिश क्रियापद रूपानेच दाखविते. तोच भेद येथे इंग्रजीत राखला गेला आहे.

आयरिश भाषा, जुनी इंग्रजी व स्कॉटलंडची बोली आणि स्थानिक स्वतंत्र विकास असे तीन उगम जॉइस मानतात. या वर्गीकरणाने ‘अशुद्ध’ ठरविलेल्या प्रयोगांना इतिहास लाभला, हे त्यांचे मोठे श्रेय. तथापि त्यांची सामग्री मुख्यतः स्वतःची स्मृती व १८९२ मधील वृत्तपत्रीय आवाहनाला आलेली पत्रे यांतून जमलेली आहे. प्रयोग कोणी, कोणापुढे, कोणत्या प्रसंगी केला हे तिच्यातून क्वचितच कळते. ‘डू बी’च्या घडणीत इंग्लंडमधील बोलींचा वाटा किती, हा प्रश्नही पुढे वादाचा ठरला. मार्कू फिलपुला यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात क्लेअर, केरी, विकलो व डब्लिन येथील ध्वनिमुद्रित संभाषणांचा आधार घेतला, तो ही उणीव ओळखूनच, असे म्हणता येईल.

प्रमाण व्याकरणाचा मापदंड लावून अशा प्रयोगांना दोष म्हणणे सोपे आहे. पण त्यामुळे श्रोत्याचे अज्ञान वक्त्याच्या माथी मारले जाते. बोलीच्या अभ्यासकाने दोषाचा निर्णय देण्यापूर्वी रचनेचा नियम शोधला पाहिजे.